वाळत कुठे घालू?

परदेशातल्या गरजू बायकांसाठी कापडी पॅड शिवायचं काम माझी भाची न्यू जर्सीत करते. सुट्टीच्या दिवशी तिच्या गावातल्या बायका मशीन घेऊन एका सभागृहात जमतात. कोणी कापतं, कोणी शिवतं, कोणी टिच बटणं बसवतं, आणि तयार संच आफ्रिकेत, नेपाळला, ग्वाटेमालाला जातात. दिवाळीत ती पनवेलला आली तेव्हा असा एक संच घेऊन आली. म्हणाली, "मावशी, तुझा शिवणाचा हात चांगला आहे. तुमच्या आळीतल्या बायकांनीही शिवले तर मी पुढे पाठवीन."

लाइन आळीतल्या आम्ही काही जणी बसलो आणि तो संच उसवून पाहिला. पॅडचे दोन भाग होते. खालच्या भागाला पंख, पंखांना टिच बटण, आत पाणी न झिरपणारं अस्तर. या अस्तराच्या कापडाला पीयूएल म्हणतात, बाळांच्या धुवून वापरायच्या डायपरला तेच लावतात. वरचा भाग म्हणजे मऊ फ्लॅनेलचा चौकोनी तुकडा. तो तीन पदरी घडी घालून खालच्या भागाच्या दोन टोकांच्या खिशांत सरकवायचा. घडी उलगडली की त्याचा साधा रुमाल होतो. दोरीवर टाकला तर तो कशाचा आहे हे सांगता येणार नाही.

ही रचना कुण्या तज्ज्ञाने टेबलाशी बसून केलेली नाही. २००८ साली सेलेस्ट मर्जेन्स ही अमेरिकन बाई केनियात नैरोबीजवळच्या एका अनाथालयासाठी काम करत होती. पाळीच्या दिवसांत तिथल्या मुली करतात काय, असं तिने विचारलं, तेव्हा कळलं की त्या खोलीत पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर बसून राहतात, दिवसचे दिवस. आधी तिने बाजारातले पॅड दिले. पण वापरलेले पॅड टाकायला तिथे जागाच नव्हती. मग धुवून वापरायचे पॅड आले आणि 'डेज फॉर गर्ल्स' ही संस्था उभी राहिली. सुरुवातीचे पॅड पांढरे होते. मुलींनी सांगितलं, डाग दिसतात. आकार पॅडचाच होता. मुलींनी सांगितलं, चारचौघांत वाळत घालता येत नाही. म्हणून गडद छापील कापड आलं, म्हणून रुमालासारखी उघडणारी घडी आली. नमुना पुन्हा पुन्हा बदलला आणि दर वेळी तो वापरणारीच्या बोलण्यावरून बदलला.

मला या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. शिवण कोणालाही शिकवता येतं. विचारायचं मात्र आपण विसरतो.

भाचीला मी म्हटलं, पाठवायचं नंतर बघू, आधी इथे विचारून येऊ. पनवेलहून नेरे, मालडुंगे, धोदाणीकडे निघालं की प्रबळगड आणि माथेरानच्या पायथ्याशी ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. दिवाळी झाली की कातकऱ्यांची घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मालकाकडून बयाणा आधीच घेतलेला असतो, त्यामुळे काम सोडता येत नाही. पहाटेच्या कितीतरी आधी माती कालवायला आणि विटा पाडायला सुरुवात होते. ओणव्याने चालणारं हे काम पाळीच्या दिवसांतही तसंच करायचं असतं. आंघोळीला आडोसा म्हणजे चार काठ्यांना बांधलेली साडी.

अशा एका भट्टीवर आम्ही दोन नमुने घेऊन गेलो. एक भाचीचा घडीचा, दुसरा आमच्यातल्या एकीने शिवलेला, बाजारी पॅडच्या आकाराचा, आठ पदर एकत्र शिवलेला जाड. दुसरा दिसायला जास्त सुबक होता. एका तरुण बाईने दोन्ही हातात घेऊन दाबून पाहिले आणि विचारलं, "ताई, हा वाळत कुठे घालू? आणि पावसात वाळेल तरी का?"

कोकणातल्या बाईखेरीज हा प्रश्न कोणाला सुचेल! जुलैत आपली साधी ओढणी दोन दिवस दमट राहते. आठ पदरांचा शिवलेला पॅड आतून ओला राहणार, त्याला कुबट वास येणार, आणि ओलं कापड लावलं की खाज, पुरळ, जंतुसंसर्ग. उलट एकपदरी उघडणारा रुमाल चुलीच्या उबेवरसुद्धा वाळतो. नैरोबीतल्या मुलींनी लाजेपोटी मागितलेली घडी आमच्या श्रावणात पावसासाठी उपयोगी पडली. त्या बाईने घडीचा नमुना ठेवून घेतला. आम्ही शिवायला घेतला तोही तोच.

कापड म्हटलं की सुशिक्षित घरांत आता नाक मुरडतात. सरकारी मोजणीतही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, १५ ते २४ वयाच्या सुमारे निम्म्या मुलींनी आपण कापड वापरतो असं सांगितलं. पण त्या पाहणीच्या 'स्वच्छ साधनां'च्या यादीत कापड नाहीच. स्वच्छ धुतलेलं, उन्हात कडकडीत वाळवलेलं कापड आणि बाजेखाली दडवलेलं ओलं फडकं, दोन्ही एकाच रकान्यात. मला हे चूक वाटतं. रोग कापडाने होत नाही. पाणी नसतं, साबण नसतो, ऊन मिळत नाही, त्याने होतो. भारतीय मानक ब्युरोनेही २०२१ मध्ये पुन्हा वापरायच्या पॅडसाठी वेगळं मानक काढलं आहे.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. मऊ सुती कापडच घरांतून गेलं. आपल्या आज्यांची लुगडी धुऊन धुऊन लोण्यासारखी व्हायची, त्यांच्या घड्या खरोखर शोषून घ्यायच्या. आता वाडीवर आठवडी बाजारातली सिंथेटिक साडी पोचते. ती जुनी झाली तरी थेंब शोषत नाही, मांड्या मात्र सोलवटून काढते. 'गूंज' या संस्थेचे अंशू गुप्ता एका बाईची हकीकत सांगतात. जुन्या ब्लाउजचं कापड तिने वापरलं, त्यात गंजका हूक राहिला होता, त्यातून धनुर्वात होऊन ती गेली. पुण्याची 'समाजबंध' ही संस्था आदिवासी पाड्यांवर बायकांशी बोलून, जुन्या सुती कपड्यांचे 'आशा पॅड' शिवते. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी ते आधी जरूर पाहावं.

बाजारी पॅडला माझा विरोध नाही. सकाळी पनवेल स्टेशनवरून सीएसएमटीची लोकल पकडणाऱ्या मुलीला तेच सोयीचे, आणि तिने ते निःसंकोच वापरावेत. २०१८ च्या महिला दिनी राज्याने 'अस्मिता' योजना आणली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा जीएसटीही गेला. चांगलंच झालं. पण वाडीवर घंटागाडी येत नाही. प्लास्टिकचा थर असलेला तो पॅड पुरला तर कुत्री उकरतात, ओढ्यात टाकला तर पुढच्या वाडीला जातो. शहरातही तो शेवटी कोणाच्या तरी हातून वेचला जातोच. पुण्यात 'स्वच्छ' या संस्थेच्या कचरावेचक बायकांना म्हणूनच सांगावं लागलं की पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला ती पुडी उघडावी लागणार नाही.

पाणी, आडोसा आणि खाड्याची भीती, या तीन गोष्टी बाईला कुठवर नेतात हे आपण बीडमध्ये पाहिलं आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या चौकशी समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली होती. पॅड मिळाला असता तर हे टळलं असतं असं मी म्हणणार नाही. पण पाळी हा मजुरीतला अडथळा ठरला की तो मुळापासून कापून टाकायचा सल्ला बाईला पटू लागतो, हे त्या आकड्यांत स्पष्ट दिसतं.

आता भाचीच्या मूळ प्रश्नाकडे येते. आपण परदेशात पॅड पाठवायचे का? भूकंप, पूर, युद्धाने उठलेल्या छावण्या असतील तिथे नक्की, कारण तिथल्या बाईला पॅड आजच हवा असतो. एरवी मात्र मशीन, कापड आणि नमुना पोचावा आणि शिवण तिथल्या बायकांच्या हाती राहावं. युगांडात मसाकाजवळ 'आफ्रिपॅड्स' २०१० पासून हेच करते. गावातल्या बायका पगारावर पॅड शिवतात आणि ते निर्वासितांच्या छावण्यांपर्यंत जातात. ऑरोव्हिलची 'इको फेम' तर उलट्या वाटेने गेली. तामिळनाडूतल्या गावांतल्या बायका शिवतात, युरोपातल्या बायका विकत घेतात, आणि त्या विक्रीतून इथल्या शाळकरी मुलींना पॅड मिळतात. गरजू कोण आणि देणारं कोण, याची आपल्या डोक्यातली मांडणी अशी उदाहरणं पाहिली की बदलते. भाचीला हे पटलं. तिच्या गटाने आमच्यासाठी अस्तराचं कापड पाठवलं, आणि आमचा पावसातला अनुभव तिने त्यांना लिहून दिला.

वाडीवरच्या दोघी-तिघी आता आमच्याबरोबर मशीनवर बसू लागल्या आहेत. ज्यांना घरी शिवायचं आहे त्यांच्यासाठी थोडं: नवं कापड आधी भिजवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल. अस्तराला टाचण्या लावू नका, त्या भोकांतून पाझरतं, चिमटे वापरा. वापरलेला पॅड आधी गार पाण्यात भिजवायचा, गरम पाण्याने डाग पक्का होतो. मग साबण आणि भरपूर ऊन.

पनवेलकरांना दोन विनंत्या. कपाटातल्या मऊ सुती साड्या, चादरी, पंचे द्यायचे असतील तर धुऊन, वाळवून, हूक-बटणं काढून द्या. सिंथेटिक नको. दुसरी विनंती भट्टीमालकांना. हंगाम सुरू होण्यापूर्वी बायकांसाठी दार लागेल अशी एक न्हाणी, पाण्याचं पिंप आणि उन्हात बांधलेली एक दोरी, एवढं भट्टीवर करा. विटा तर तुमच्याच आहेत.