मांजरांसाठीची वर्गणी

मुंबईतील मासळीबाजार, चाळी आणि सोसायट्यांच्या आधाराने जगणाऱ्या बेवारस मांजरांसाठी रहिवासी जी वर्गणी काढतात, ती बहुधा एखादे जखमी पिल्लू सापडल्यावर काढली जाते आणि ते बरे होताच थांबते. वास्तविक खर्च त्यानंतरच वाढत जातो. मांजरीचा गर्भकाळ सुमारे ९ आठवड्यांचा असून ती ४-५ महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, त्यामुळे नसबंदीविना नुसते खाऊ घालणे अपुरे, किंबहुना पिल्लांवर अन्याय करणारे ठरते. आईविना सापडलेल्या पिल्लाला सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, तेही गाईचे दूध नव्हे, कारण त्यातील लॅक्टोज, म्हणजे दुग्धशर्करा, न पचल्याने जुलाब होतात. त्यासाठी खास दूधभुकटी, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली आणि रात्रभर जागणारे कुणीतरी लागते. दरमहा जमणाऱ्या लहान रकमांतूनच मांजर पकडून, नसबंदी व लसीकरण करून मूळ जागी सोडण्याचे काम सलग चालू शकते. या पद्धतीत भूल असतानाच कानाचे टोक किंचित कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही. पशुवैद्यकाच्या पावत्यांसह हिशेब सोसायटीच्या सूचनाफलकावर लागला, तर मांजरांचा त्रास होणारे शेजारीही वर्गणीला हातभार लावण्यास तयार होऊ शकतात.