ईदची सहल आणि समुद्राची वेळ

ईद झाली की दुसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईची कितीतरी कुटुंबे मुरुड, काशीद, हर्णैकडे निघतात. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहावा, किनाऱ्यावर दस्तरखान पसरावा, मुलांनी शिंपले वेचावेत. अवश्य जावे; पण कॅलेंडर पाहून जावे.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असते. ईदुल फित्र ही शव्वालची पहिली तारीख, म्हणजे अमावास्या नुकतीच सरलेली. आपली सहल नेमकी उधाणाच्या दिवसांत येते. तेव्हा या किनाऱ्यावर दुपारी एक-दोनच्या सुमारास पूर्ण भरती असते आणि मग सुमारे सहा तास ओहोटी. जेवणे उरकून मुले पाण्यात उतरतात, तेव्हा पाणी आत ओढू लागलेले असते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. तेव्हापासून शाळेची सहल किनाऱ्यावर न्यायची असली, की मी त्या दिवसाची भरती-ओहोटी आधी फळ्यावर लिहिते. भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते, हे मुलांना लगेच समजते. गावच्या कोळी बांधवांना विचारल्याशिवाय कुणी पाण्यात पाऊल टाकत नाही आणि ओहोटीत तर मुळीच नाही.

नमाजच्या वेळा आपण मिनिटावर पाळतो. त्याच कॅलेंडरवरची चाँदची तारीख पाहून समुद्राचीही वेळ पाळू या. तवक्कुल म्हणजे बेफिकिरी नव्हे.