मालगुजारी तलाव आणि अर्धी बुद्धी

गोंदिया जिल्ह्यात नवेगाव बांधच्या काठी कोलासूर देवाचे स्थान आहे. अठराव्या शतकात हा जलाशय बांधणारे कोलू पाटील कोहळी हेच पुढे देवपदास पोहोचले, अशी लोकांची श्रद्धा आहे. तलाव बांधणाऱ्यास देव मानणारा समाज अडाणी होता, असे आजचा सुशिक्षित मनुष्य सहज म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. पाळ कोठे घालावी, जादा पाणी सलंगावरून कसे जाऊ द्यावे, तुडुमातून धानाच्या बांधीपर्यंत ते कसे न्यावे, हे कोहळ्यांनी ठरविले ते बुद्धीच्याच बळावर.

१९५१ साली मालगुजारी संपली व तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. परंतु तलाव राखण्याचे ज्ञान काही सरकारी दप्तरात जमा झाले नाही. नव्या व्यवस्थेने पाणीसाठा मोजला, सिंचनक्षेत्र मोजले, मत्स्योत्पादनही मोजले. रोहू-कटला सोडण्यात आले. इकडे स्थानिक जातींचे मासे घटले, बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले. त्याची नोंद करावयास तक्त्यात रकानाच नव्हता.

यंत्रयुगाच्या दृष्टीस नदीदेखील केवळ शक्तीचा साठा दिसू लागते, असा इशारा जर्मन तत्त्ववेत्ते हायडेगर यांनी १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ऱ्हाईनचा दाखला देऊन दिला होता. तरीही आम्ही यंत्राला दोष देत नाही. याच जिल्ह्यातील तिरोड्याच्या ३,३०० मेगावॅट क्षमतेच्या केंद्राची वीज कोणास नको आहे? दोष आहे तो, जे मोजले नाही ते नाहीच, असे मानणाऱ्या अर्ध्या बुद्धीचा.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील ढिवरांनी अभ्यासकांच्या साथीने याहून बरा मार्ग दाखविला आहे. त्यांनी बेशरम उपटले, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि तलावांत जीव आणला.

राज्यात २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. गाळ काढणे इष्टच आहे. परंतु यंत्राने सरसकट तळ खरवडला, तर पाणवनस्पती आणि माशांच्या विणीच्या जागाही नष्ट होतात. म्हणून आमची स्पष्ट मागणी आहे की, तलावात यंत्र उतरविण्यापूर्वी कोठे खणावे व कोठे खणू नये, हे गावच्या ढिवरांना व शेतकऱ्यांना विचारून ग्रामसभेत ठरवावे. कोलू पाटलांच्या जिल्ह्यास एवढे शहाणपण परके नसावे.