घोड्यांच्या विषाणूंचा माग

घोड्यांच्या विषाणूजन्य आजारांवरचे संशोधन प्रयोगशाळेआधी तबेल्यात आणि मेंढपाळांच्या तळावर सुरू होते. कराडला लागून असलेल्या मलकापुरातून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय लागते. धनगरांची बिऱ्हाडे वाहणारी भीमथडी घोडी याच भागातली. घोड्यांवरील संशोधनाची देशातील मुख्य संस्था मात्र हरियाणात, हिसारला आहे: राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र.

इन्फ्लुएंझाने भारतातील घोड्यांना १९८७ मध्ये गाठले आणि पुन्हा २००८-०९ मध्ये. दोन्ही वेळी विषाणू एच३एन८ प्रकारचा होता. अशा साथीत वरिष्ठ शास्त्रज्ञ नाकातील स्राव तपासून घेतो, कोंबडीच्या फलित अंड्यात विषाणू वाढवतो आणि लशीतला विषाणू त्याच्याशी अजून जुळतो का, हे पाहतो. रक्ताचे नमुने दोनदा लागतात, आजारात आणि दोन-तीन आठवड्यांनी. प्रतिपिंडे चौपट वाढली तर संसर्ग ताजा. भटक्या कळपाचा दुसरा नमुना मिळवणे हे यातले खरे अवघड काम, कारण तोवर तळ हललेला असतो.

अश्व नागीण विषाणू शरीरात आयुष्यभर दडून राहतो आणि गाभण घोडीचा गर्भ शेवटच्या महिन्यांत पाडू शकतो. संसर्गजन्य रक्तक्षय त्याहून चिवट: चावऱ्या माश्यांमार्फत पसरतो, औषध नाही. कॉगिन्स या रक्तचाचणीत बाधित आढळलेला घोडा धडधाकट दिसला तरी कळपापासून कायमचा दूर ठेवावा लागतो, नाहीतर मारावा लागतो.