जुन्नरचा स्थलग्रंथ आणि भुतांचे कार्यकारण

'कॉल ऑफ कथुलू' (१९८१) किंवा 'व्हॅम्पायर : द मास्करेड' (१९९१) हे टेबलाभोवती बसून, केवळ बोलून खेळावयाचे भयखेळ होत. एक जण निवेदक होतो, उरलेले पात्रे होतात आणि त्यांच्या संवादातून कथा घडत जाते. अशा खेळांना पूरक म्हणून एकेका शहराचे जे 'सोर्सबुक' निघते, त्याची दखल आपल्या समीक्षेने घेतलेली नाही. (नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथेची तरी कितीशी घेतली?) 'शिकागो बाय नाइट'सारख्या पुस्तकात सलग कथानक नसते, शहराचे भाग, सत्ताधीश, त्यांची वैरे आणि गुपिते यांची नोंद असते. कथा खेळणाऱ्यांनी रचावयाची. ही रचना मराठीस सर्वस्वी परकी आहे, असे मला वाटत नाही. महानुभावांच्या 'स्थानपोथी'तही गावे, देवळे आणि दिशा यांचीच नोंद आहे. तेथील लीळा भक्ताने स्मरणातून उभी करावयाची.

असा ग्रंथ जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा लिहावयाचा झाल्यास सामग्रीचा तोटा नाही. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींची नावे भिंतीवर वाचता येतात. त्यांखालील प्रतिमा मात्र नाहीशा झाल्या असून पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. लेण्याद्रीला बौद्ध विहारात गिरिजात्मज बसला आहे. खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या महाकाय अँटेना आकाशातील अतिक्षीण रेडिओसंकेत टिपत असतात. लव्हक्राफ्टच्या वाचकाला आणखी काय हवे! आंबेगाव हे गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याला नाव तेवढे राहिले. उसातला बिबट्या मी यात घेणार नाही. त्याचे भय अतिमानुष नाही, आणि पहाटे उसाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाला तो खेळ वाटणार नाही.

माझा आक्षेप सामग्रीविषयी नाही, तिच्या कार्यकारणाविषयी आहे. 'व्हॅम्पायर'च्या कल्पित जगात शहराच्या राजकारणामागे आणि इतिहासामागे गुप्त रक्तपिपासूंचे हात असतात. माणसे जे करतात असे दिसते, ते वस्तुतः दुसऱ्याच कोणी करविलेले असते. हा साचा शिवनेरीवर बसवून पाहावा. सतराव्या शतकाच्या मध्यास बंड केलेल्या महादेव कोळ्यांची मोगलांनी कत्तल केल्याची स्मृती गडावरील कोळी चौथऱ्याशी जोडलेली आहे. त्या कत्तलीमागे एखादा पुरातन पिशाच्च उभा केला, की मारणारे सुटले आणि मेलेलेही केवळ सजावटीपुरते उरले.

आपल्या लोकसमजुतीत क्रम नेमका उलटा आहे. सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, धनात जीव गुंतलेला समंध होतो. भूत हे येथे घटनेचे कारण नसून परिणाम आहे. कोणाचे तरी काहीतरी राहून गेलेले असते. म्हणूनच देवऋषी किंवा भगत अंगात आलेल्या झाडाला प्रथम विचारतो : तू कोण, कुठला, तुला काय पाहिजे? भूत मग आपली मागणी सांगते. 'कथुलू'मध्ये अघटित दिसले की पात्राचे विवेकाचे गुण घटतात, कारण त्या विश्वातील आदिम शक्तींना माणसाशी बोलावयाचेच नसते. जुन्नरच्या ग्रंथात हा नियम चालणार नाही. येथे पात्रांनी घाबरूनही प्रश्न विचारले पाहिजेत आणि निवेदकाजवळ त्यांची उत्तरे हवीत. तेव्हा चौथऱ्याच्या नोंदीत आधी कत्तल, तिचे सांगितले जाणारे कारण, आणि मग वाटल्यास भूत.

बुडालेल्या आंबेगावाविषयी मी अधिक साशंक आहे. विस्थापितांना काय पाहिजे हे विचारण्यास भगत लागत नाही. त्यांपैकी कितीतरी जण हयात आहेत आणि कित्येक वर्षे ते कचेऱ्यांतून सांगत आले आहेत. जलाशयाखालच्या दिव्यांचे वर्णन लिहिणाराने निदान त्यांच्याशी आधी बोलावे. माळीणची नोंद तर असूच नये. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खचून तेथे दीडशेवर माणसे गेली. त्यांचे आप्त आज त्याच तालुक्यात नांदत आहेत, आणि त्या पानावर कोणते भूत बसवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार निवेदकाला कोणी दिला, याचे उत्तर मला सापडत नाही.