पूजेचे फूल आणि पानातील फूल

बागेतील फुले अलीकडे स्वयंपाकघरात नव्या उत्साहाने येऊ लागली आहेत. गोकर्णीचा निळा चहा, जास्वंदीचे सरबत, केकवर रचलेल्या पाकळ्या यांचे शहरी घरांत आता नवल उरलेले नाही. रुग्ण विचारतात, ‘अमुक फूल खाल्ले तर चालेल का?’ आणि ‘वनस्पतीच आहे, हरकत नाही’ असे सांगून आपण पुष्कळदा मोकळे होतो. हे उत्तर आपल्या शास्त्राला शोभणारे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुष्पशाक आपल्याला नवे नाही. भावप्रकाशातील शाकाच्या सहा प्रकारांत त्याला स्वतंत्र स्थान आहे. हादगा, शेवगा, कुडा, भोपळा यांच्या फुलांची भाजी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. मात्र ती करणाऱ्या गृहिणीला झाड ओळखीचे होते. हादग्याच्या फुलातील कडू केसर काढून टाकावयाचे, हेही ठाऊक होते. आज फूल घरात येते, ती ओळख मात्र मागे राहते.

परंपरेने सांगितलेल्या सात उपविषांपैकी अर्क, लांगली, करवीर आणि धत्तूर ही चार आपल्या परसात, कुंपणावर अथवा देवघरात सहज आढळतात. देवाला वाहिलेले फूल घातक कसे असेल, ही समजूत येथेच धोक्याची ठरते. तांबडी-पांढरी कण्हेर आणि पिवळी कण्हेर अर्थात बिट्टी या दोहोंत हृदयाची गती बिघडविणारी द्रव्ये असून वाळविल्याने वा उकळल्याने त्यांचा भरवसा धरता येत नाही. केरळमध्ये २०२४ साली एका तरुणीचा मृत्यू कण्हेर चघळल्याने झाला असावा, असा संशय व्यक्त झाला. त्यानंतर मे २०२४ मध्ये त्रावणकोर व मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्य-प्रसादातून ही फुले वगळली. पूजेस योग्य ते भक्षणास योग्य असतेच असे नाही, हे जे देवस्थानांनी मानले ते वैद्यांनी आधीच सांगावयास हवे होते.

औषधे नियम, १९४५ मधील अनुसूची ई (१) मध्ये या चारही द्रव्यांचा समावेश आहे. ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या कल्पावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. औषधालयातील बाटलीवर ही सूचना असते. कुंडीतल्या झाडावर ती कोण लावणार? ते काम चिकित्सालयातच व्हावयास हवे.

ओळख पटली तरी उगम तपासावाच लागतो. फूलबाजारातील गुलाब व शेवंती शोभेसाठी पिकविलेली असतात. त्यांवरील फवारणी करताना ती कोणी खाईल असा विचार केलेला नसतो. नुसते धुऊन तो दोष पूर्णपणे जात नाही. म्हणून गुलकंदासाठी पाकळ्या घेणाऱ्या औषधालयचालकांनी खाद्य वापरासाठी लागवड करणाऱ्या उत्पादकाकडूनच माल घ्यावा. सुक्या फुलांच्या पुडीवर केवळ स्थानिक नाव न देता वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरावयाचा भाग आणि उगमही छापावा. भाव थोडा वाढेल, परंतु विश्वास टिकेल.

वैद्यबंधु-भगिनींनी रुग्णाला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : झाड कोणी ओळखले, फूल कोठून आणले आणि खाणारी व्यक्ती कोण आहे? जपापुष्पाचा आर्तव व गर्भधारणेशी असलेला संबंध आपण जाणतो. गर्भिणीला जास्वंदीचे सरबत ‘थंड’ म्हणून सुचविणे उचित नाही. परागकणांचा त्रास असणाऱ्यांनी व दमेकऱ्यांनी केसर काढूनही जपूनच राहावे. नवे फूल प्रथमच खाताना मात्रा अल्प असावी. विषारी फूल पोटात गेल्याची शंका असेल, वांती होत असेल, नाडी मंद वा अनियमित लागत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात पाठवावे व फुलाची फांदी सोबत द्यावी.

काही व्यवसायबंधू म्हणतील, एवढी जोखीम असेल तर फुले खाऊच नका असे सांगणे बरे. मला ते मान्य नाही. सरसकट निषेधाने हादगा आणि कुडाही ताटातून जातील, आणि जिज्ञासू माणूस आपल्याऐवजी दुसऱ्या कोणाला विचारील. द्रव्यगुणाचा अभ्यास आपण केला आहे. आपल्या गावात खाल्ल्या जाणाऱ्या आणि खाऊ नयेत अशा फुलांची सचित्र यादी प्रत्येक शाखेने तयार करून चिकित्सालयांत व औषधालयांत लावावी, अशी माझी नम्र सूचना आहे.