रुग्णशय्येपाशींचें त्रैराशिक

गणित जमत नाहीं म्हणून वैद्यकाची वाट धरावी, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून आतां चांगलीच रुजली आहे. बारावीचे निकाल लागले कीं सल्ल्यासाठीं येणारे पालक बहुधा हेंच विचारतात : "मुलीला आंकडेमोडीचा कंटाळा आहे, नर्सिंगला किंवा फिजिओथेरपीला घातली तर सुटेल ना?" मुलगा खेळांत चमकलेला असला तर त्याच्यासाठीं व्यायामशास्त्राची पदवी योजिलेली असते, आणि कारण पुन्हां तेंच. या पालकांस माझें उत्तर असें कीं, गणित तेथें सुटत तर नाहींच. उलट चूक झाल्यास ती भोगणारा दुसराच असतो.

प्रवेशाचे नियम या समजुतीस खतपाणी घालतात, हें खरें. बी.एस्‌सी. नर्सिंगला पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र लागतें, गणित लागत नाहीं. जी.एन.एम. या परिचर्येच्या अभ्यासक्रमास कला शाखेची मुलगीहि घेतात. शारीरिक शिक्षणाच्या बी.पी.एड्.ला कोणत्याहि शाखेचा पदवीधर चालतो. हे नियम वाईट आहेत, असें मी म्हणणार नाहीं. आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला, आणि २०१६ सालीं येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. आमच्यासारख्या दूरच्या जिल्ह्यांतील मुलींस रुग्णसेवेचें दार उघडें राहिलें, तें अशाच सवलतींमुळें. परंतु दारांतून आंत गेल्यावर पहिल्याच वर्षीं ज्या गोष्टी गृहीत धरल्या जातात, त्या कोणीं शिकवावयाच्या?

त्यांतली पहिली त्रैराशिक. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० मधील लीलावतींत तें आहे, आणि आमच्या पिढीनें तें पाठ केलें आहे. प्रमाण, फल व इच्छा अशा तीन राशी. फलास इच्छेनें गुणावें, प्रमाणानें भागावें, कीं इच्छाफल येतें. आतां घरांतल्याच औषधाकडे पाहा. तापावरचें पॅरासिटामॉलचें पातळ औषध एकाच नांवानें दोन शक्तींचें मिळतें. एकांत ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्यांत ५ मिलिलिटरला २५०. दहा किलो वजनाच्या मुलास डॉक्टरांनीं १५० मिलिग्रॅम सांगितलें, तर पहिल्या बाटलींतून ६ मिलिलिटर द्यावयाचें व दुसऱ्या बाटलींतून ३. "मागच्या वेळीं एवढेंच दिलें होतें" असें म्हणून माप भरणाऱ्या आईनें बाटली बदलली आहे कीं नाहीं हें न पाहिल्यास मात्रा दुप्पट होते.

सलाइनचें गणितहि तेंच. ५०० मिलिलिटर द्रव ४ तासांत द्यावयाचा आहे. नळीच्या संचांत २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. एकूण थेंब १०,०००, मिनिटें २४०. म्हणजे मिनिटास सुमारें ४२ थेंब. लहान मुलांसाठीं जो सूक्ष्म थेंबांचा संच असतो, त्यांत ६० थेंबांचा एक मिलिलिटर. तेथेंहि ४२च थेंब ठेवले, तर चार तासांची बाटली बारा तास पुरेल. थेंब लहान, वेळ मोठा. हें व्यस्त त्रैराशिक झालें. दशांशचिन्हाविषयीं एवढेंच सांगतों कीं अर्धा लिहावयाचा तर ०.५ असा लिहावा, चिन्हापूर्वींचें शून्य गाळूं नये. आणि पांच लिहावयाचे तर ५.० असे लिहूं नयेत. पुसट टिंब दिसलें नाहीं, तर दोन्हीकडे मात्रा दसपट होते.

पदार्थविज्ञानाचा भाग मुलांस सर्वांत रुक्ष वाटतो, आणि वस्तुतः तोच सर्वांत जवळचा आहे. सलाइनची बाटली उंच कां टांगतात? पारा पाण्याहून १३.६ पट जड. म्हणून एक मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ सुमारें ७३ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब देतो. शिरेंतील दाब याहून पुष्कळच कमी, म्हणून द्रव आंत जातो. बाटली हाताच्या पातळीखालीं नेली कीं नळींत रक्त चढतें. नातेवाईक घाबरतात, ज्या परिचारिकेला स्तंभाचा दाब समजला आहे, ती बाटली वर उचलते.

व्यायामाच्या विद्यार्थ्यास तरफ हवी. अमरावतीस श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हें शिक्षण देत आहे; विदर्भांत या विद्येला परंपरा आहे. दंडाचा स्नायू कोपरापासून सुमारें ५ सेंटिमीटरवर हाडास जोडलेला, आणि मुठींतलें वजन ३५ सेंटिमीटरवर. तेव्हां ५ किलोचें डंबेल आडव्या हातावर तोलतांना स्नायूवर ३५ किलोचा ओढा पडतो. हाताचें स्वतःचें वजन निराळेंच. कोंवळ्या मुलांच्या हातीं जड वजनें देणाऱ्या उत्साही शिक्षकानें हा सातपटीचा हिशेब आधीं करावा.

त्याहून महत्त्वाची उष्णता. साठ किलोच्या माणसाचें शरीर एक अंशानें तापावयास सुमारें ५० किलोकॅलरी लागतात. एक लिटर घाम अंगावर वाळतांना सुमारें ५८० घेऊन जातो. आमच्याकडे मे महिन्यांत पारा ४५च्या आसपास जातो, पण हवा कोरडी असल्यानें घाम वाळतो. जुलैंत धानाच्या रोवणीच्या वेळीं पारा बराच उतरलेला असतो, तरी वांकून काम करणाऱ्या बायांस घेरी येते. हवा दमट; घाम वाळत नाहीं, टपकतो. टपकलेला घाम थंडावा देत नाहीं, केवळ पाणी व मीठ घेऊन जातो. पावसाळ्यांत शाळेच्या शर्यती घेणाऱ्यांनीं नुसता तापमापक पाहून भागणार नाहीं.

आतां रसायन. त्याची एक कल्पना जरी नीट समजली तरी माझें समाधान होईल : मोल. एक डझन वेलदोडे व एक डझन नारळ, संख्या सारखी आणि वजनांत जमीनअस्मानाचें अंतर, तसेंच कणांचें. ग्लुकोजचे १८० ग्रॅम व मिठाचे ५८.५ ग्रॅम यांत घटकांची संख्या सारखीच. जुलाबावरची क्षारसंजीवनीची पुडी घ्या. एक लिटरच्या पुडींत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ व सोडियम सिट्रेट २.९, एकूण २०.५ ग्रॅम. वजन पाहिलें तर मीठ अगदींच थोडें वाटतें. पण १३.५ ला १८० नें भागा : मोलाचे ७५ सहस्रांश. मिठाच्या २.६ ला ५८.५ नें भागा : सुमारें ४५, उरलेले ३० सिट्रेटमधून येतात. म्हणजे सोडियमहि ७५! ही जोडी मुद्दाम बसविली आहे. आंतड्यांत ग्लुकोजच्या सोबतीनें सोडियम आंत शिरतें आणि त्यामागोमाग पाणी ओढलें जातें.

१९७१ सालीं बंगालमधील बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकीची साथ होती व शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत चाललें होतें. डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज तोलून पुड्या भरविल्या आणि तें पाणी रोग्यांस पाजविलें. शेंकडा तीसच्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण शेंकडा चारच्या आंत आलें. रोग्याच्या उशाशीं बसून वाट्या भरणारे बहुतेक त्यांचे आप्तच होते. पुडी अचूक तोललेली असल्यानें त्यांना हिशेब करावा लागला नाहीं. तो आधींच कोणीं तरी करून ठेवला होता.

कॉलेज उघडण्यापूर्वीं मुलांस महिना दीड महिना मोकळा मिळतो. रोज एक तास एवढेंच घरीं करवून घ्यावें : त्रैराशिक, दशांश, दाब, तरफ, घाम आणि मोल. शिकवणी लावण्याचें कारण नाहीं. आजोबांना त्रैराशिक येतें, आणि बाटल्यांवरचे आंकडे छापलेलेच असतात.

आरंभास एक उदाहरण देतों. एका घरीं लिटरभर पाण्याची पुडी २०० मिलिलिटरच्या पेल्यांत कालवून आजारी मुलास पाजण्याची तयारी चालली आहे. रक्तांत लिटरमागें सोडियम सुमारें १४० सहस्रांश मोल असतें. त्या पेल्यांतील पाण्यांत तें लिटरमागें किती झालें असेल, आणि मुलाची तहान भागेल कीं वाढेल, हें कागदावर मांडून पाहावें.